पदाआधीचं अर्धं मिनिट : रेडिओवर दर आठवड्याला संगीत नाटकाचा कार्यक्रम करायचा तर

रात्री साडेनऊला कार्यक्रम संपला आणि पाचच मिनिटांत केंद्रावरचा फोन वाजला. चोपड्याकडचे एक शेतकरी होते. रात्रीची लाईट म्हणून केळीला पाणी भरायला मळ्यात आले होते, मागे मोटार चालू असल्याचं ऐकू येत होतं. म्हणाले, "भाऊ, गानं भारी व्हतं. पन ती बाई का बरं रडी राह्यंती, ते तुम्ही सांगंच नही."

मी 'एकच प्याला'मधलं सिंधूचं 'कशि या त्यजू पदाला' लावलं होतं. त्याआधी नाटककाराचं नाव, पहिल्या प्रयोगाचं साल, गायकीची वैशिष्ट्यं असं सगळं सांगून झालं होतं. सिंधूच्या नवऱ्याने दारूपायी संसार धुळीला मिळवलाय, भाऊ तिला माहेरी न्यायला आलाय आणि ती त्याला नाही म्हणते आहे, एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्या रात्रीनंतर मी निवेदन लिहायची पद्धत बदलली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे जे नवे लोक असा कार्यक्रम करू पाहताहेत, त्यांच्यासाठी ती पद्धत पहिल्या पायरीपासून लिहितो.

नाट्यगृहात पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू होतं तेव्हा प्रेक्षकाला सगळं दिसत असतं. कोण कुणाकडे पाठ करून उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, आधीच्या वाक्यात कोण दुखावलं. रेडिओवर यातलं काहीच पोचत नाही, थेट ऑर्गनचा सूरच कानावर येतो. मधली जागा भरायला निवेदकाकडे जेमतेम अर्धं मिनिट असतं. बाकीच्या सगळ्या खटपटी त्या अर्ध्या मिनिटासाठी करायच्या आहेत हे धरून पुढचं वाचा.

आधी दार कोणतं ठोठवायचं

खान्देशात आकाशवाणीची केंद्रं जळगावला आणि धुळ्याला आहेत. तिथे नैमित्तिक उद्घोषकांसाठी अधूनमधून जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. पण उद्घोषक होणं आणि स्वतःचा कार्यक्रम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रमासाठी केंद्रावरच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना प्रस्ताव द्यावा लागतो. प्रस्ताव एका पानाचा ठेवा. सोबत पहिल्या भागाची पूर्ण संहिता आणि मोबाईलवर का होईना, त्याचं मुद्रण जोडा. 'संगीत रंगभूमीच्या वैभवशाली परंपरेचा मागोवा' असं लिहिलेले प्रस्ताव त्यांनी ढीगभर पाहिलेले असतात. 'पहिला भाग "शारदा"चा, चार पदं, प्रत्येक पदाआधी प्रसंग' असं लिहिलेलं त्यांच्या लगेच लक्षात येतं.

दुसरं दार कम्युनिटी रेडिओचं. याचा परवाना व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळतो. आधी तो शिक्षणसंस्थांनाच मिळत असे, 2006 च्या धोरणानंतर सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळू लागला. ट्रान्समीटर साधारण 100 वॉटचा, म्हणून आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच जातो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले हवेत अशी अट आहे, त्यामुळे दर आठवड्याला नेमाने अर्धा तास भरून देणारा माणूस त्यांना हवाच असतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. श्रोता जवळ असतो, दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो आणि तोंडावर सांगतो.

तेरा भागांचा विचार एकदम करा

रेडिओचं नियोजन तिमाहीने चालतं. तीन महिने म्हणजे 13 आठवडे, म्हणजे 13 भाग. ते सगळे आधी कागदावर मांडल्याशिवाय पहिला भाग मुद्रित करायचा नाही. उत्साहात पहिल्याच तीन भागांत बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर आणि वसंतराव देशपांडे संपवून टाकलेली माणसं मी पाहिली आहेत. चौथ्या आठवड्याला हात रिकामे.

सुरुवात इतिहासापासून करू नका. विष्णुदास भावे, 1843, सांगली, 'सीतास्वयंवर'. मग अण्णासाहेब किर्लोस्कर, 31 ऑक्टोबर 1880, पुणे, 'शाकुंतल'. हा क्रम पुस्तकात शोभतो. श्रोत्याला पहिल्या भागात ओळखीचं माणूस भेटलं पाहिजे. म्हणून मी पहिला भाग गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा'चा करतो. नाटक 1899 चं, पण गोष्ट कुणालाही कळते: पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी पोर पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला द्यायला निघालाय. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' ही थट्टा ऐकली की माणूस आधी हसतो आणि मग गप्प होतो. दुसऱ्या आठवड्याला तो परत रेडिओ लावतो.

तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत खान्देश आलाच पाहिजे, आणि तो ओढूनताणून आणावा लागत नाही. शिरपूर तालुक्यात तापीकाठचं थाळनेर ही मास्टर दीनानाथांची सासुरवाडी. लताबाई, आशाबाई आणि त्यांच्या भावंडांचं हे आजोळ. 'बलवंत संगीत मंडळी' 1918 साली काढणारे, 'रणदुंदुभी'तलं 'परवशता पाश दैवे' आपल्या तडफदार गळ्याने घराघरांत पोचवणारे दीनानाथ या गावचे जावई, हे सांगितल्यावर शिरपूरकडून फोन येणारच. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि त्यांच्याच नावाने जानेवारीत संगीत महोत्सव भरतो. त्या आठवड्याला बालगंधर्वांचा भाग ठेवा. महोत्सवाला जाणारे ऐकतील, आणि ज्यांना जळगावला जाणं जमत नाही तेही ऐकतील.

दिनविशेषांची यादी कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा: 5 नोव्हेंबर मराठी रंगभूमी दिन, 26 जून बालगंधर्वांचा जन्म, 15 जुलै त्यांचं निधन, 24 एप्रिल दीनानाथांचा स्मृतिदिन. मात्र त्या दिवशी इतर सगळे जे पद लावतात ते तुम्ही लावू नका. 26 जूनला 'नाथ हा माझा' सकाळपासून चार वेळा वाजून गेलेलं असतं.

पदं मिळवणं, आणि ती वाजवायचा हक्क

आकाशवाणीच्या ग्रंथालयात नाट्यगीतांच्या ध्वनिमुद्रिका असतात. पण तिथे जाताना नाटकाचं नाव, पदाचे पहिले शब्द आणि गायक हे तिन्ही लिहून न्या. एकच पद पाच जणांनी गायलेलं असतं आणि त्यात फरक खूप असतो.

जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. म्हणून बालगंधर्वांची जी पदं आपण ऐकतो ती रंगमंचावरची पदं नव्हेत, तबकडीच्या मापाने बेतलेली आहेत. रंगमंचावर वन्समोअर घेत तेच पद कितीतरी लांबत असे. हे श्रोत्याला एकदा तरी सांगा, नाहीतर तो म्हणतो, "एवढंसंच गात होते का?" या तबकड्यांची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. फ्रेड गाइसबर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकाने 1902 मध्ये आधी मिलानला ऑपेराचा गायक कारुसो मुद्रित केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी कलकत्त्याला येऊन गौहर जानचा आवाज पकडला. ऑपेरा आणि आपलं गाणं एकाच माणसाच्या भोंग्यातून तबकडीवर गेलं.

हक्काचं गणित थोडं समजून घ्या. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं असतो, आणि शब्दांवरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं. खाडिलकर 1948 साली गेले, म्हणून 'मानापमान'चे शब्द आता मोकळे आहेत. पण तेच पद आजच्या एखाद्या गायिकेने गायलेलं असेल तर तिचं मुद्रण मोकळं नाही. 1967 सालच्या 'कट्यार काळजात घुसली'चे शब्दही नाहीत आणि अभिषेकीबुवांचं संगीतही नाही. रेडिओ केंद्राकडे गाणी वाजवण्याचा परवाना असतो, त्यात काय बसतं ते केंद्रावर विचारून घ्या. तोच भाग तुम्ही स्वतःहून मोबाईलवर सगळ्यांसाठी टाकलात तर तो केंद्राचा परवाना तुमच्या कामाला येत नाही. इथे बरेच जण अडकतात.

अर्ध्या तासाचा हिशोब

तीस मिनिटांच्या वेळेत तुमच्या हाती साडेअठ्ठावीस मिनिटं पडतात असं धरा. आधीची उद्घोषणा आणि नंतरची जागा सोडावी लागते. सुरुवातीची धून अर्धं मिनिट. जुन्या तबकडीवरची पाच पदं म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. उरली अकरा. त्यातली दोन मिनिटं नाटकाची गोष्ट सांगायला, पदांच्या मधल्या जागा अर्धं ते पाऊण मिनिट, बाकी एखादी आठवण, शेवटी पुढच्या आठवड्याची खूण. मैफलीतलं मुद्रण घेतलंत तर एक-एक पद नऊ-दहा मिनिटांचं होतं, मग दोनच बसतात. पद मधेच तोडायची वेळ आली तर आवाज आलापाच्या मध्यावर उतरवू नका. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ द्या, टाळी पडू द्या, मग हळूहळू खाली आणा. जाणता श्रोता या एका गोष्टीवरून निवेदकाची परीक्षा करतो.

निवेदन वाचताना मला मिनिटाला साधारण 110 शब्द लागतात. तुम्ही घड्याळ लावून तुमचे मोजा आणि तो आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवा. पुढे लिहितानाच कळतं की कुठे लांबलं.

ते अर्धं मिनिट कसं लिहायचं

'सौभद्र'मधलं 'प्रिये पहा' घेऊ. माझ्या वहीत पहिल्या वर्षीचं निवेदन असं आहे:

"यानंतर ऐकू या संगीत सौभद्र या 1882 साली रंगभूमीवर आलेल्या, अण्णासाहेब किर्लोस्करांनी लिहिलेल्या नाटकातील देसकार रागात बांधलेले, श्रीकृष्णाच्या तोंडी असलेले आणि आजही तितकेच लोकप्रिय असलेले पद."

हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा, दम लागतो. आणि वाचून झाल्यावर ऐकणाऱ्याला काय मिळालं? एक साल आणि 'लोकप्रिय' हा शब्द. आता याच पदाचं हल्लीचं निवेदन:

"रात्र सरायला आलीय. कृष्ण आणि रुक्मिणी, दोघंच. रात्र बोलण्यात कशी गेली ते कळलंच नाही. खिडकीतून पहाटेचा गारवा आत येतोय. कृष्ण तिला म्हणतो: अगं, बाहेर बघ."

इथे थांबायचं. एक श्वास, आणि पद सुरू. 'प्रिये पहा, रात्रीचा समय सरुनि, येत उषःकाल हा' हे शब्द आता श्रोत्याला कृष्णाच्याच तोंडून येतात. राग देसकार आहे, तो सकाळचा राग आहे, हे सांगायचंच आहे. पण पद संपल्यावर सांगा. पहाट ऐकून झालेल्या माणसाला 'देसकार सकाळी गातात' हे वाक्य लगेच पटतं. नाटककार, साल, संगीत, गायक ही सगळी माहिती पदाच्या मागे टाकायची आणि प्रसंग पुढे ठेवायचा, एवढाच नियम मी पाळतो.

आणखी तीन-चार गोष्टी सवयीने जमतात. निवेदनाचं शेवटचं वाक्य लहान असावं आणि त्यात पदाचे शब्द असू नयेत. 'ती म्हणते, कशी या त्यजू पदाला' असं तुम्हीच म्हणून टाकलंत तर गायिकेने काय म्हणायचं? क्रियापद वर्तमानात ठेवा: भाऊ आला होता नको, भाऊ आलाय. 'आपण', 'रसिकहो', 'चला तर मग' हे शब्द खोडून पाहा, काही बिघडत नाही. आणि पात्राचं नातं नावाआधी सांगा. 'पद्माकर येतो' ऐकून कुणाला काही कळत नाही, 'सिंधूचा भाऊ येतो' म्हटलं की कळतं.

एका भागात एकच आठवण सांगा, पण ती नाटकाला चिकटलेली असावी. 'एकच प्याला'च्या भागात मी एवढंच सांगतो की गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले आणि नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्याला 20 फेब्रुवारीला झाला. महिनासुद्धा झाला नव्हता. नाटकातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. ज्याने सिंधू लिहिली त्याने तिला रंगमंचावर गाताना ऐकलं नाही. यावर निवेदकाने आणखी काही बोलायची गरज नसते, पुढचं पद लावावं. 'संयुक्त मानापमान'चंही तसंच. 8 जुलै 1921, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक एका रंगमंचावर आले. आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. तारखा अशा जवळजवळ ठेवल्या की त्याच बोलतात.

तारीख आणि दंतकथा यांत गल्लत मात्र होऊ देऊ नका. पहिल्याच वर्षी मी मोठ्या उत्साहाने सांगून टाकलं होतं की 'शारदा' नाटकावरूनच बालविवाहाविरुद्धच्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात. पुढच्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. 1929 च्या त्या कायद्याचं नाव ते विधेयक मांडणारे हरविलास सारडा यांच्यावरून पडलंय, नाटकाचा त्याच्याशी संबंध नाही. मी पुढचा भाग त्या दुरुस्तीनेच सुरू केला. चूक झाली तर पुढच्या भागाच्या अगदी सुरुवातीला सांगावी, शेवटी घाईत नाही.

ऑपेरा कसा आणायचा

तेरा भागांतले दोन-तीन ऑपेरा आणि पाश्चात्त्य संगीतिकेला (म्हणजे 'म्युझिकल'ला) द्या. लोक ऐकत नाहीत असं कार्यक्रम अधिकारी म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. गाण्यातून गोष्ट सांगणं खान्देशी माणसाला नवं नाही. वहीगायन त्याने रात्र-रात्र ऐकलंय, कानबाईची गाणी घरात म्हटली जातात, नंदुरबारकडे रोडाली आहे, तमाशातला वग तर सगळ्यांनाच माहीत. ऑपेरात पात्रांचं साधं बोलणंसुद्धा सुरातच असतं, आपल्या संगीत नाटकात बोलणं गद्यात आणि भावना दाटली की पद, एवढा फरक एकदा सांगितला की पुरतं. संगीतिका या बाबतीत आपल्या नाटकाच्या जवळची.

पहिला ऑपेरा निवडताना कीर्ती पाहू नका, गोष्ट पाहा. मी व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' घेतो. व्हेनिसला 1853 साली आला, पहिला प्रयोग पडला, पुढच्या वर्षी त्याच शहरात दुसऱ्या नाट्यगृहात उचलला गेला. पण हे सगळं नंतर. आधी दुसऱ्या अंकातला प्रसंग:

"व्हिओलेत्ता पॅरिसच्या श्रीमंतांच्या मैफलींत वावरलेली बाई. छातीत क्षय. आल्फ्रेदोवर जीव जडला म्हणून सगळं सोडून ती त्याच्यासोबत गावाकडे राहायला आलीय. आज तो घरी नाही, आणि दारात त्याचे वडील उभे आहेत. ते म्हणतात, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. तुझं नाव माझ्या मुलाशी जोडलेलं राहिलं तर ते लग्न मोडेल. तू त्याला सोड. ती खूप वेळ नाही म्हणते. मग तिचा आवाज एकदम खाली येतो. ती म्हणते: तुमच्या लेकीला सांगा, तिच्या सुखासाठी एका दुर्दैवी बाईने आपल्याजवळचा एकच उजेड देऊन टाकला."

आणि लगेच गाणं. सुरुवातीचे इटालियन शब्द मी आधीच सांगून ठेवतो, 'दिते आल्ला जोव्हिने', म्हणजे 'त्या मुलीला सांगा'. भाषा परकी असली तरी ते दोन-तीन शब्द कानाने पकडले की माणूस गाण्याला धरून राहतो. हा भाग लागला त्या रात्री यावलकडच्या एक आजी फोनवर म्हणाल्या, सोयरीक मोडायची भीती तिकडेही असते म्हणजे. आल्फ्रेदो, व्हेर्दी ही नावं त्यांना आठवत नव्हती आणि आठवायची गरजही नव्हती. गाणं चालू असताना त्यावर भाषांतर बोलायचं मात्र कटाक्षाने टाळा. ना गाणं ऐकू येतं, ना मराठी.

उच्चार मात्र घटवावे लागतात. पुच्चीनी, बिझे, मोत्सार्ट ही नावं कागदावर देवनागरीत, आघातासह लिहा आणि मुद्रणाआधी दहादा म्हणा. निवेदक नावाशी अडखळला की श्रोत्याला वाटतं, याला हे स्वतःलाच आपलं वाटत नाही.

दुसरा भाग घडतो तो आपल्याकडे आलेल्या वाटेचा. लंडनला 1728 मध्ये जॉन गेने भिकाऱ्या-चोरांचा ऑपेरा लिहिला. दोनशे वर्षांनी, 1928 मध्ये, बर्लिनला ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्यावरून स्वतःचं नाटक उभं केलं. आणखी 50 वर्षांनी पु. ल. देशपांड्यांनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. तिन्हींमधलं एक-एक गाणं लागोपाठ लावलं की अर्धा तास कसा जातो कळत नाही. 'ती फुलराणी' आणि 'माय फेअर लेडी'ची जोडीही अशीच, मूळ एकच नाटक.

या कामात ज्यांना मी मनाने गुरू मानतो त्यांतला एक अमेरिकेतला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं रेडिओ प्रसारण 1931 च्या नाताळात सुरू झालं आणि मिल्टन क्रॉस नावाच्या निवेदकाने ते चाळीसहून अधिक वर्षं केलं. पडदा उघडण्याआधी तो गोष्ट सांगायचा आणि पडदा उघडल्यावर समोर काय दिसणार आहे ते सांगायचा. घरबसल्या ऐकणाऱ्याला त्याने पुढच्या रांगेत बसवलं.

मुद्रण

स्टुडिओ मिळाला तर उत्तमच. घरी करायचं असेल तर खान्देशातला उन्हाळा लक्षात घ्या. मे महिन्यात पारा 44-45 वर असतो, आणि मुद्रणासाठी पंखा-कूलर दोन्ही बंद करावे लागतात. मी पहाटे पाचला करतो. तेव्हा गल्लीत टँकर नसतो, कुत्री झोपलेली असतात, आवाजही ताजा असतो. पाठीमागे आणि समोर दोरीवर दोन जाड गोधड्या टाकायच्या, खोलीचा घुमारा जातो. माईक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, पिन लावू नका, पान उलटण्याऐवजी सरकवा. पाण्याचा ग्लास जवळ ठेवा, पण फ्रीजचं पाणी नको.

वाचताना समोर एक माणूस कल्पा. माझ्यासमोर अजूनही चोपड्याचे ते दादा असतात. त्यांच्याशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो. नव्या निवेदकांचा आवाज सभेत बोलल्यासारखा चढतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गर्दी असते. रेडिओ एकटा माणूस ऐकतो.

केंद्रावर फाइल देताना सोबत कागद द्या: प्रत्येक पदाचे पहिले शब्द, शेवटचे शब्द, गायक, लांबी, आणि निवेदनाचं शेवटचं वाक्य. ड्यूटीवर कोण असेल ते तुम्हाला माहीत नसतं. एका केंद्रावर माझ्या भागातली दोन पदं उलटसुलट लागली आणि लग्नाच्या निवेदनानंतर विरहाचं पद वाजलं. कागदावर मी फक्त क्रमांक लिहिले होते. तेव्हापासून शब्द लिहितो.

माणसांना बोलवा

महिन्यातून एकदा तरी एखादा कलावंत आणा. मोठी नावंच हवीत असं नाही. आपल्या गावांत ऑर्गन वाजवलेले, हौशी प्रयोगांत रुक्मिणी केलेले, पडद्यामागे पदं सांभाळलेले लोक अजून आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग असतो, त्यात उतरणाऱ्या मंडळींकडे चौकशी केली की एकेक नाव निघत जातं. त्यांच्या घरी जा, त्यांचीच पेटी समोर ठेवा. 'आपला प्रवास सांगा' असं विचारलंत तर ते भाषण सुरू करतात. 'पहिल्या प्रयोगाला नऊवारी कुणी नेसवली होती?' असं विचारा. एका काकांनी यावर वीस मिनिटं सांगितलं आणि शेवटी न सांगता पेटी ओढून 'मम आत्मा गमला'ची सुरुवात वाजवली. त्यातली सव्वा मिनिटं मी घेतली, मागे अंगणातल्या चिमण्यांसकट.

ते अहिराणीत बोलत असतील तर बोलू द्या, लेवा बोलीत बोलत असतील तर तसं. त्यांचं प्रमाण मराठीत पुन्हा सांगू नका, ऐकणाऱ्यांना कळतं. आणि स्वतःला जी बोली येत नाही ती लाडिकपणे ओढून आणू नका, ते लगेच ओळखू येतं आणि लोकांना दुखतं.

फोन आणि पत्रांची एक वही ठेवा. गावाचं नाव, काय म्हणाले, कोणतं पद मागितलं. नाव वाचायची परवानगी विचारून घ्या. मागितलेलं पद तीन आठवड्यांच्या आत लागलं पाहिजे, नाहीतर माणूस पुन्हा मागत नाही.

आठवड्याचा क्रम मी असा लावलाय: सोमवारी नाटक वाचायचं, मंगळवारी पदं ऐकायची आणि निवडायची, बुधवारी लिहायचं, गुरुवारी मोठ्याने वाचून एक तृतीयांश खोडायचं, शुक्रवारी पहाटे मुद्रण, शनिवारी फाइल केंद्रावर. रविवारी भाग लागतो तेव्हा तो हेडफोनवर ऐकू नका. स्वयंपाकघरातल्या साध्या रेडिओवर लावा, भांडी घासली जात असताना, कुकरच्या शिट्ट्या होत असताना. घरातलं कुणी कोणत्या वाक्याला नळ बंद करतं आणि कुठे पुन्हा सोडतं ते बघा, तिथे संहितेवर पेन्सिलीने खूण करा, आणि सोमवारी वही उघडाल तेव्हा त्या खुणा आधी पाहा.